बकुळीखालची माती आणि न कुजणाऱ्या साली

चि. धम्मदीप,

सप्रेम जयभीम. तुझा गुडघा अजून दुखत असेल आणि तू डॉक्टरांचं ऐकत नसशील, असं धरून चालते. आम्रपालीला आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम आहे. आमच्या सोसायटीत उत्तम म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट उरली आहे.

आमचा सचिव केयूर तुला आठवत असेल (वय बत्तीस, कानात यंत्र घालून दिवसभर स्वतःशीच बोलत फिरतो). माझ्या खिडकीखालच्या बकुळीभोवतीची माती त्याच्या डोळ्यांत खुपते. पाला पडतो, कचरा होतो, म्हणून बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घालून तिथे दोन मोटारी उभ्या करायच्या म्हणे. ही बकुळ मी टपाल खात्यातून निवृत्त झाले त्या वर्षी लावली आणि आत्ता कुठे ती फुलायला लागली आहे. सभेत मी उभी राहिले आणि म्हटलं, तो पाला आणि माझ्या घरातला ओला कचरा यांचं नव्वद दिवसांत खत करून दाखवते; नाही झालं तर खुशाल ब्लॉक घाला. केयूरने ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. एरवी सभेचं इतिवृत्त लिहायला त्याला दीड महिना लागतो.

मग मी पिंप आणलं, त्याला भोकं पाडून घेतली. तू म्हणशील, ‘वाघोलीला माझ्या अंगणात पंधरा वर्षं हेच चाललंय.’ चाललंय, पण कसं? तुझ्या ढिगात हात घातला की काहीतरी वळवळतं, आणि तोच हात पँटला पुसून तू चहाचा कप पुढे करतोस. बाबांनी मला नन्सच्या शाळेत घातलं आणि तुला म्युनिसिपालिटीच्या, तो फरक कुठेतरी दिसायचाच. मी प्रत्येक साल धुऊन, निथळून टाकते. रोज सकाळी वरून दोन झाकणं फिनाईल. माशी नाही, अळी नाही. शेजारच्या यमुनाबाई वास घ्यायला म्हणून मुद्दाम आल्या होत्या. ‘अहो, दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय,’ म्हणाल्या. त्यांनी ते कौतुक म्हणून म्हटलं नव्हतं, पण मी तसंच घेतलं.

आज शहाऐंशी दिवस झाले. पिंपातल्या दुधीच्या साली अजून दुधीच्या सालीच आहेत. (मंडईतून आणल्या त्या दिवशी एवढ्या टवटवीत नव्हत्या.) कोबीचा पाला तर पुन्हा फोडणीला टाकता येईल. हल्ली भाज्यांवर काय फवारतात कोण जाणे, त्यांची धड कुजायचीही लायकी राहिलेली नाही. केयूर जाता-येता विचारतो, ‘काकू, प्रोसेस सुरू आहे ना?’ मी म्हणते, तुझ्या लग्नाच्या प्रोसेसपेक्षा बरी आहे. काल ब्लॉकवाला टेप घेऊन बकुळीभोवती मोजमाप करून गेला. टेपचं एक टोक धरायला त्याने मलाच सांगितलं, आणि मी ते धरलं. तेव्हापासून जेवण नीट जात नाही.

बाकी सर्व मजेत. उन्हात फिरू नकोस.

तुझी,
शालनताई

ता. क. रविवारी सकाळी दहाला सगळ्यांसमोर पिंप उघडणार आहेत. शनिवारपर्यंत तुझ्या खताच्या दोन गोणी गुपचूप पाठव. फोनवर तू हसतोस, म्हणून हे पत्र. आम्रपालीला कळू देऊ नकोस; बायकोपासून एवढं तरी लपव.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच आम्रपालीचा फोन आला. खताचं कुठपर्यंत आलं, म्हणाली. मी जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. ती म्हणाली, ‘ताई, फिनाईलने किडे मरतात, आणि कुजवतात तेच.’ हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. असो. गोणी नकोत. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणारे आमच्या कमिटीत पुरेसे आहेत. शनिवारी तू स्वतःच ये आणि पिंप पहिल्यापासून कसं लावायचं ते दाखव. रविवारी मी सभेत आणखी नव्वद दिवस मागणार आहे. मागायची मला सवय नाही, म्हणून तू शेजारी उभा राहा. बोलायचं मात्र काही नाही.