भिंतीवर बारा कासिल्दाताई

ओआहाका, १४ मार्च

ती. कासिल्दाताईस धाकट्या एवारिस्तोचा वाकून नमस्कार.

लेकीकडे त्लाहियाकोला थंडी फार, तेव्हा गुडघे लोकरीत गुंडाळून बसत जा. इकडे आम्ही खुशाल आहोत (म्हणजे गेले पाच दिवस करपलेला घेवडा खातो आहोत, पण ते असो).

तू गेलीस त्याच आठवड्यात बायकांच्या मोर्चासाठी आमच्या छापखान्याने चित्र छापायचं ठरवलं. विषय मीच सुचवला: घरोघर राबणाऱ्या बायका, ज्यांच्या कामाला कुणी काम म्हणत नाही. त्यावर तासभर बोललोही. छापखान्यातल्या पोरी टिपून घेत होत्या. मग दाराएवढ्या फळीवर मी एक बाई कोरली, चुलीपाशी वाकलेली, मागे धुण्याचा डोंगर. समोर कुणाला बसवलं नव्हतं. चेहरा आपोआप हातातून उतरला. खाली कोरलं, 'हिच्या घामावर कोण जेवतं?' (पहिल्या खेपेला अक्षरं उलटी कोरायची विसरलो आणि छापल्यावर ती आरशात वाचावी लागली. तीस वर्षांचा अनुभव!) बारा प्रती छापल्या आणि मोर्चाच्या सकाळी बाजाराच्या भिंतीवर ओळीने चिकटवल्या. लोक थांबून पाहत होते, मी छाती काढून उभा. तेवढ्यात कोपऱ्यावर मक्याच्या पानातले गरम तमाले विकणारी दोन्या रेफुखियो आली आणि चष्मा पुसून म्हणाली, ही तर कासिल्दा. मी हसून हो म्हटलं.

"हिला सुट्टी कोणत्या वारी असते रे?"

"अहो, ती माझी बहीण आहे."

"मी नातं विचारलं नाही."

ताई, अकरा वर्षं तू छापखान्यातल्या आम्हा चौदा जणांचं रांधलंस, धुतलंस, वर चित्रं चिकटवायची खळसुद्धा शिजवलीस. मी वार शोधू लागलो. सोमवार म्हणावा तर धुणं, रविवार म्हणावा तर पाहुणे. पोरी माझ्याकडे बघत होत्या. खोकल्याची उबळ आल्यासारखं करून मी तिथून सटकलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चित्रं खरवडायला गेलो. पण खळ तू जाताजाता शिजवून ठेवलेली, ती कसली सुटते! अर्ध्या तासात एकीचं नुसतं कोपर निघालं. तोवर बाजारातल्या बायकांनी मला सरकारी माणूस समजून झाडूने बडवलं. चित्र माझंच आहे म्हणून सांगितलं, तर दोन फटके जास्त बसले. सोडवायला दोन्या रेफुखियोच आली. तिने काही विचारलं नाही, आणि तेच झाडूपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी छापखान्यात सगळं सांगून टाकलं. तुला मी पाहिलंच नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. फळीवर कोरण्याइतकं नीट पाहिलं होतं, आणि तरी रोज ताटावर येऊन बसत होतो. आता स्वयंपाकाच्या पाळ्या लागल्या आहेत, पहिली माझी. तू गुडघ्यांसाठी गेलीस असं मी सगळ्यांना सांगत असतो. खरं कारण वेगळं असेल तर लिही.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. काळा घेवडा किती वेळ भिजवायचा? आणि शर्टावरची शाई कशाने जाते? (येऊ नकोस, नुसतं कळव.)

ता. क. २. पत्र पाकिटात घालण्याआधी छापखान्यातल्या सोइलाने वाचलं. म्हणाली, "एवढं लिहिलंत, पण माफी कुठे मागितलीय?" मी पुन्हा वरपासून वाचलं. कुठेच नाही. ताई, मला माफ कर.