तितीनाचा चेहरा

तोरीनो,
३ डिसेंबर १९९७

ती. अनिएल्लो मामांस,
नुन्झियाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ओरडून बोलायची माझी सवय इथे कधीच मोडली, म्हणून पत्र लिहिते आहे. बाबांना जाऊन परवा चाळीस दिवस झाले. त्यांची झोपायची खोली अजून आवरलेली नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ते एकदाच धड बोलले. म्हणाले, की तुझ्या आईचा चेहरा मी नाताळच्या देखाव्यातल्या एका मूर्तीला दिला होता. ती गेल्यावर मला तो देखावा मांडवेना, म्हणून सगळाच्या सगळा एका मंडळाला देऊन टाकला. कुठल्या मंडळाला, ते काही त्यांना आठवेना. चर्चच्या तळघरात त्यांचं छोटंसं संग्रहालय आहे, एवढंच सांगितलं. मी विचारलं, की त्या गर्दीत मी तिला ओळखू कशी? तर हसले आणि म्हणाले, की पाहशील तर लगेच ओळखशील. मग झोपले.

मामा, आईचा एकही फोटो माझ्याजवळ नाही. घरातला भूकंपात घरासकट गेला आणि कबरीवरचा पावसाने धुऊन निघाला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती गेली तेव्हा मी अडीच वर्षांची होते. आरशात पाहते तेव्हा कपाळ आणि डोळे बाबांचे दिसतात. नाकाच्या खालचं सगळं कुणाचं, ते सदतीस वर्षांत मला कळलेलं नाही. नापोलीत शोधायला आता तुमच्याशिवाय माझं कोण आहे? तेवढा तो देखावा शोधाच.

तुमचा जावई पिएरो नमस्कार सांगतो. गुडघ्यांना जपा. या लेकीवरची माया आटू देऊ नका.

तुमची,
नुन्झिया

नापोली,
१३ डिसेंबर १९९७

चि. नुन्झियास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र सात दिवसांनी पोचलं. टपालवाला बहुतेक तोरीनोहून चालत आला.

तुझा बाप सबातो माणूस सोन्यासारखा होता, पण कुठलीच गोष्ट पुरती सांगायची नाही हा त्याचा जन्माचा हट्ट. मरतानाही सोडला नाही. देखावा कुणाला दिला ते मलाही माहीत नाही. तुझी आई तितीना गेली तेव्हा मी जहाजावर न्हावी होतो, हजारो मैलांवर कुणाची तरी दाढी करत होतो. तार मिळाली ती तिला पुरून नऊ दिवस झाल्यावर.

तर आता माझ्या पराक्रमाची हकीकत. आपल्या गावातली मोठी संग्रहालयं सगळ्यांना माहीत आहेत. छोटी किती आहेत ते देवाला ठाऊक, आणि ती उघडी कधी असतात ते देवालाही नाही. पहिल्या ठिकाणी पाटीवर दहा ते एक लिहिलं होतं. अकराला गेलो तर कुलूप. समोरचा पाववाला म्हणाला, की किल्ली माझ्या मेहुणीकडे असते आणि मेहुणी कासेर्ताला गेली आहे. दुसऱ्या ठिकाणी देखावा नाही, जुन्या शस्त्रक्रियांच्या करवती होत्या. तिथल्या म्हाताऱ्याने दीड तास मला एकेक करवत दाखवली. किती दिवसांनी माणूस आला, म्हणून मला सोडेचना. नोंदवहीत माझ्या आधीची सही जूनमधली होती. तिसरं घंटा ओतणाऱ्यांचं. तिथली बाई म्हणाली, की देखावा होता, पण आमचा नव्हे, वरच्या चढावरच्या लोकांचा. वर म्हणजे एकशे बारा पायऱ्या. वर गेलो, तर तिथे दुरुस्तीसाठी बंद, आणि दुरुस्ती करणारे मजूरही जेवायला गेलेले.

देखावा सापडला की पुढचं सोपं आहे. इथले मूर्तिकार येशूच्या गोठ्याभोवती सगळा बाजार मांडतात आणि गल्लीतल्या माणसांचेच चेहरे त्या मूर्तींना देतात, हे तुला सांगायला नको. ज्याच्याशी वाकडं त्याला तर हमखास. सबातोच्या कानाला एकदा माझा वस्तरा लागला, तर त्या नाताळात त्याने मला दारूच्या पिंपाशेजारी लोळवला होता. पण बायकोला त्याने माता मरियाच केलं असणार. नाहीतर देवदूत तरी.

तुझा एक फोटो पाठव, ताडून पाहायला बरा पडेल. चिडलोय तो गावावर, तुझ्यावर नाही. लोभ आहे तिथेच आहे.

तुझा,
अनिएल्लो मामा

तोरीनो,
२८ डिसेंबर १९९७

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत फोटो पाठवला आहे. पिएरोच्या कचेरीच्या समारंभासाठी स्टुडिओत काढला होता. त्यात मी फार शहाणी दिसते, असं सगळे म्हणतात.

नाताळ कसाबसा पार पडला. मधातले गोळे मी केले, पण सासूबाईंनी एकच खाल्ला आणि गोडाचं पथ्य आठवलं. जेवताना मी पिएरोला मीठ दे म्हणाले, तर त्या हसून म्हणाल्या, की तुम्हा दक्षिणेकडच्यांना मीठ मागायलासुद्धा भांडल्यासारखं बोलावं लागतं. गेली पंधरा वर्षं मी इतकं हळू बोलते, की दुकानदार मला दोनदा विचारतात. आणखी किती हळू बोलू?

तुम्ही लिहिता ते वाचून हसू येतं आणि मग रडूही येतं. एका पाववाल्याच्या मेहुणीपायी माझी आई कुलपात राहावी? रागावू नका, पण जरा नेटाने पाहा. गुडघ्यांसाठी मलम पाठवते आहे. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या, तो दुरूनही लागतो.

तुमची,
नुन्झिया

नापोली,
९ जानेवारी १९९८

चि. नुन्झियास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

देखावा सापडला. पण लगेच आनंदून उड्या मारू नकोस, पुढे वाच.

मासळीबाजारामागच्या चर्चखाली एका मंडळाचं तळघर आहे. सातव्या खेपेला उघडं मिळालं. राखणदारीण दोन्ना रफेला, माझ्याहून मोठी, मिशा माझ्याहून दाट. वीज वाचवायची म्हणून आपण पुढे जाऊ तसा ती पुढचा दिवा लावते आणि मागचा विझवते. सबातोचं नाव काढताच ओळखलं. म्हणाली, की हो, तोच मूर्तिकार, सगळं देऊन गेला आणि परत कधी पाहायलाही आला नाही. दोनशे चाळीस मूर्ती आहेत. भाजलेल्या मातीची डोकी, तारेची आणि काथ्याची अंगं, काचेचे डोळे. हात त्याचाच, शंकाच नको.

आता ऐक. तीन दिवस मी तिथे उभा होतो. माता मरिया पाहिली. देवदूत सगळे पाहिले, एकोणीस आहेत. नजराणे घेऊन येणाऱ्या बायका पाहिल्या, डोळे खाली, ओठ मिटलेले, एकीपेक्षा एक सुंदर. तुझा फोटो प्रत्येकीच्या शेजारी धरला. काल एका देवदूताशी मी थबकलो आणि मला रडू कोसळलं. रफेला म्हणाली, की रडणं झालं असेल तर सांगते, तो सबातोचा नव्हे, शंभर वर्षं जुना आहे, कुणीतरी दान दिलेला. मी तिला नाही नाही ते बोललो. तिने दिवा विझवला.

नुन्झिया, मला माझ्या बहिणीचा चेहरा आठवत नाही. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. चाळीस वर्षं मी माणसांचे चेहरे हातात धरले. कुणाच्या हनुवटीवर कुठे व्रण होता ते आजही सांगेन. आणि सख्ख्या बहिणीचा आठवायला गेलो की पांढरा टॉवेल दिसतो. तिच्या लग्नानंतरच्या वर्षी मी जहाजावर गेलो, तीच आमची शेवटची भेट.

आणखी एक. मंडळ जागा सोडतं आहे. दोन फेब्रुवारीच्या सणानंतर देखावा नेहमीच आवरतात, पण या वेळी आवरला की खोकी बिशपांच्या गोदामात जाणार. गोदामातून काही परत येतं, असं मी तरी पाहिलेलं नाही. माझ्यावरचा लोभ या पत्रानंतर उरला तर कळव.

तुझा,
अनिएल्लो मामा

तोरीनो,
१६ जानेवारी १९९८

ती. मामांस,
नमस्कार.

बाकीची अक्षरं आज लिहीत नाही. मी चिडले आहे.

आठवत नाही म्हणजे काय? ती तुमच्या पाठची. एका ताटात जेवलात, एका पलंगावर झोपलात. मला आठवत नाही, कारण मी अडीच वर्षांची होते. तुमचं काय? सगळं आयुष्य मी ऐकत आले, की तितीना साध्वी होती, देवाघरचं फूल होती. विचारलं की सगळे हात छातीशी नेतात आणि गप्प होतात. नाक कसं होतं, कुणी सांगत नाही. हसायची कशी, कुणी सांगत नाही. फुलाचं मी काय करू? मला आई पाहिजे.

आणि आता ती एका तळघरात उभी आहे, तुम्ही तिच्यासमोरून तीन दिवस गेलात, आणि दोन फेब्रुवारीनंतर तिला खोक्यात घालणार! दोन्ना रफेलाशी भांडायला तुम्हाला वेळ मिळतो. मला सुट्टी मिळायची मारामार आहे, आणि आले तरी मी काय ओळखणार?

सोबत दुसरा फोटो पाठवते आहे. शनिवारी बाजारात भाजीवाल्याने माझ्या पिशवीच्या तळाशी सडके टोमॅटो घातले, तेव्हा पिएरोने गंमत म्हणून काढला. मी तो फाडणार होते. पण ठेवा तुमच्याजवळ. तुमचं पत्र वाचून मी अशी दिसत होते, हे तुम्हाला कळू दे.

रागात लिहिलं आहे. तरी लोभ तोडत नाही, तोडण्याइतकी माणसंच उरलेली नाहीत.

नुन्झिया

नापोली,
२४ जानेवारी १९९८

चि. नुन्झियास,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. वाचून मी फोटो खिशात घातला आणि तळघरात गेलो, रफेलाची माफी मागायला. दुसरं काय करणार होतो? तिने माफ केलं नाही. पण हे काय आहे म्हणून फोटो माझ्या हातातून ओढला, पाहिला, आणि पोट धरून हसायला लागली. म्हणाली, की मूर्खा, ही तर आमची मासेवाल्यापुढची!

तिने मागचे सगळे दिवे विझवले आणि डाव्या कोपऱ्यातला एक लावला. गोठ्याच्या अगदी विरुद्ध टोकाला माशांची टोपली आहे. टोपलीमागे मासेवाला, आणि त्याच्यापुढे वीतभर उंचीची एक बाई. एक हात कमरेवर, दुसऱ्यात शेपटीला धरलेला मासा, मासेवाल्याच्या नाकापर्यंत नेलेला. आणि तोंड हे एवढं उघडं. आत जीभ आहे, दात आहेत, पुढच्या दोन दातांमधली फट आहे. हेझलनट दातांनी फोडायची म्हणून आई तिला मारायची, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. तुझ्या बाजारातल्या फोटोत तीच फट आहे. स्टुडिओतल्या फोटोत तू ती ओठांखाली दडवली होतीस.

मी त्या बाईसमोरून पन्नास वेळा गेलो असेन. नजर थांबवलीच नाही. मिटलेली तोंडं शोधत होतो, आणि तितीनाचं तोंड जन्मात कधी मिटलं होतं? साध्वी कसली! सगळा मासळीबाजार तिला घाबरायचा. ती गेली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला गप्प केलं, फूल काय नि देवाघरचं काय. एकट्या सबातोने तसं केलं नाही. रफेला सांगते, की मूर्ती देताना तो म्हणाला होता, की हिला गोठ्यापासून लांब ठेवा, बाळाला झोपू द्यायची नाही.

मासेवाल्याचा चेहराही मी नीट पाहिला. खाली मान घातलेला, अपराधी, गालात हसणारा. तो तुझा बाप आहे.

आता काम. गाडी पकड. सुट्टी देत नसतील तर आजवर हळू बोललीस ते पुरे झालं, तिथे जाऊन माग. रफेलाने सांगितलं आहे, की तू येईपर्यंत ही दोघं खोक्यात जाणार नाहीत, आणि मंडळाला तिच्याशी भांडायचं असेल तर भांडू दे. तिला हरवणारं मंडळ अजून निघालेलं नाही.

अडतीस वर्षांनी मला माझी बहीण दिसली, नुन्झिया, आणि ती ओरडत होती. मला कमी ऐकू येतं, पण तिचं सगळं ऐकू आलं.

स्टेशनवर उभा असेन. लोभ आहेच. येशील तेव्हा मोठ्याने वाढव.

तुझा,
अनिएल्लो मामा