गवत कोण कापतंय?

९ एप्रिल
सही करून आले. दिवाळखोरी! क्लाइडच्या दवाखान्याच्या बिलांनी शेवटी घर गिळलंच. घर बँकेला सोडलं, असं कागदावर आलं. वकीलबाई दारापर्यंत आली – "डोरीन, लगेच गाशा गुंडाळू नका हं. लिलाव होईपर्यंत घर तुमचंच. महिने लागतात, कधी वर्षही जातं."
मान हलवली. पण सोडलं म्हणजे सोडलं ना! दिलेल्या घरात कसलं राहायचं?

१४ एप्रिल
क्लाइड नाकातली ऑक्सिजनची नळी ओढत पुढच्या पायरीवर येऊन बसला आणि मला यंत्राने गवत कापायला लावलं. "रेघा सरळ येऊ देत! बँकेचं झालं म्हणून काय झालं?" समोरच्या घरातून वेंडेल ओरडला, "क्लाइड, बायकोचा हात तुझ्यापेक्षा बरा आहे रे!" क्लाइड हसला. कितीतरी दिवसांनी! मग खोकत बसला.

२० एप्रिल
गल्लीतल्या कोवाल्स्कींचं घर डोळ्यांपुढून हलत नाही. हिवाळ्यात घर खाली करायला शेरीफची माणसं आली आणि त्यांचा सोफा, गाद्या, पाळणा – सगळं बर्फात मांडून गेली. अख्खी गल्ली खिडक्यांतून बघत होती. मीसुद्धा! क्लाइडला असं बाहेर काढलं तर? त्या ऑक्सिजनच्या यंत्रासकट?

२२ एप्रिल
कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, इर्माकडे जाऊ. त्याचीच बहीण, तिचं तळघर रिकामं पडलंय.
"तळघर? जिवंतपणीच पुरतेस काय मला? वकीलबाई थांबा म्हणते, तू कुठे पळत सुटलीस?"
"लोक काय म्हणतील?"
"कुठले लोक? वेंडेल? तो जन्मभर बोलतोच आहे!"
मग आवाज बसला त्याचा. "मला या खिडकीशी मरू दे, डोरीन. एवढंच."
अभद्र बोलू नकोस म्हणून मी विषयच तोडला.

३ मे
निघालो. घर घासूनपुसून लख्ख केलं, ओव्हनसुद्धा. इर्मा म्हणाली, "बँकेसाठी ओव्हन घासतेस? वेडी की काय गं तू!" पण घाणेरडी माणसं राहत होती असं कुणी म्हणायला नको. किल्ल्या ओट्यावर ठेवल्या. क्लाइड गाडीतून मागे बघत राहिला.

१७ मे
तळघराची खिडकी छताला टेकलेली, वीतभर. त्यातून इर्माच्या गाडीची चाकं तेवढी दिसतात. क्लाइड रोज विचारतो, "गवत कोण कापतंय?"
"बँकेने माणूस ठेवलाय," मी ठोकून दिलं.
"रेघा सरळ काढतो का?"
"काढतो हो."

२ जून
क्लाइडने दोन चमचे सूप घेतलं. बस.

११ जून
पुन्हा तेच – गवत! "कापलं रे बाबा, कापलं!" चिडलेच मी. नंतर वर जाऊन रडले.

२३ जून
क्लाइड गेला. सकाळ झाली होती, पण दिवा लावावा लागला. तिथे उजेड येतच नाही.

२६ जून
माती दिली. वेंडेल आला होता, कोट घालून. हात धरून म्हणाला, "डोरीन, एकदा घराकडे..." मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. घराचं नाव काढू नकोस म्हटलं.

१५ जुलै
नगरपालिकेतून फोन. तुमच्या अंगणात गवत कमरेएवढं वाढलंय, कापा, नाहीतर दंड बसेल. अहो, घर बँकेचं आहे, मी म्हटलं. त्या बाईने नोंद उघडून पाहिली. मग म्हणाली, "नाही हो. लिलाव झालाच नाही. घर अजून तुम्हां दोघांच्याच नावावर आहे."
शेरीफ आलाच नाही. क्लाइडला त्याच्या घरातून मी बाहेर काढलं.