स्टेथोस्कोपचा अर्ज

३ फेब्रुवारी
अर्ज दिला एकदाचा! आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप मेडिकल कॉलेजनं घ्यावा आणि २४ तारखेच्या प्रॅक्टिकलला मला वापरू द्यावा — एवढंच मागितलंय. साधा स्टेथोस्कोप लावायचा तर कानातलं मशीन काढावं लागतं, आणि ते काढलं की पेशंटची धडधड सोडा, माझी स्वतःचीही ऐकू येत नाही. ऑफिसातले धनराजभाऊ म्हणाले, "दाखला मांगच्या वर्षीचा हाये. यंदाबी बहिरी हायेस, याचा नवा आन." जणू मधल्या काळात मी सुधारलेच असेन.

५ फेब्रुवारी
वाशिमला दाखल्याच्या रांगेत दोन तास बसले. माझं नाव तीनदा पुकारलं होतं म्हणे. याहून मोठा पुरावा काय हवा? तरी तपासलं. यंदाही बहिरी. पास!

६ फेब्रुवारी
आईचा गावाहून, धनजहून व्हिडिओ कॉल. ओठ दिसले की मला कळतं हे तिला माहीत आहे, तरी बाई नुसतं कपाळ दाखवते. शेवटी फोन खाली आला. "बहिऱ्या डाक्टरकडं कोन यीन वं?" ओठ दिसले नसते तर बरं झालं असतं. हसून टाळलं, पण लागलं.

१० फेब्रुवारी
मेडिसिनचे गोटे सर अर्जावर सही करत नाहीत. "आज मशीन मांगतेस, उद्या पेशंटच बदलून मांगशीन." सही नाही तर साधाच स्टेथोस्कोप, म्हणजे मी नापास. वर राउंडला यांची शिस्त — मास्क खाली करा, समोर येऊन उत्तर द्या. माझी रूममेट वैजयंती मागून बरोबर बोलली, तरी तिलाच झापलं.

१३ फेब्रुवारी
आज डोकं फिरलं होतं. राउंडला सरांनी मला विचारलं, हृदयाची कोणती झडप? मी समोर उभी राहून, तोंड मोठं उघडून नुसते ओठ हलवले — "मायट्रल." आवाज शून्य. पोरं हसतील, सर चिडतील, एवढाच बेत.

सर म्हणाले, "बरोबर. पन इतक्या जोरानं कायले बोलतेस? पेशंट झोपून राह्यला."

पोरांना तो टोमणा वाटला. वैजयंती मात्र माझ्याकडे बघत राहिली.

१४ फेब्रुवारी
वैजयंती म्हणते, "त्याईले सांग, सही करा, नाईतं साऱ्यायले सांगतो." मोह झाला. खरंच झाला. पण मागून हाक मारून पोरं कशी हसतात, ते मी शाळेपासून बघतेय.

१७ फेब्रुवारी
सरांच्या केबिनमध्ये गेले. दार लावलं. आवाज न काढता मी म्हणाले, "सर, मशीन नसलं तर मी नापास होईन. तुमचं मात्र कोणाला सांगणार नाही. सही करा नाहीतर नका करू." सर बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. मग खुर्ची खिडकीकडे फिरवली. पाठ फिरवली की आमच्यासारख्यांचं बोलणंच संपतं. मी निघाले. नसता शहाणपणा केला मी.

२१ फेब्रुवारी
धनराजभाऊंनी अर्ज परत दिला. सही आहे. मी 'एक नग' लिहिलं होतं. सरांनी लाल पेनानं 'एक' खोडून वर लिहिलंय — दोन.