‘माझ्यामुळे’ सोडून सांग

बाई, काल माझ्या स्वयंपाकघरात एका मुलीला जेवायला बसवलं आणि तुमची फार आठवण आली. तुम्ही हे जग सोडून गेलात तेव्हा मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे पदवी मिळाली, आमच्या घरातली पहिली, म्हणून वडिलांनी गावी, माकुणसारला, अख्ख्या आळीत पेढे वाटले. आता बोईसरजवळच्या एका प्रसूतिगृहात मी सिनियर सिस्टर आहे. तुम्ही मला बाळंतपणं करायला शिकवलंत हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर घरी कसं जायचं हेही शिकवलंत, ते कोणाला माहीत नाही.

पालघरच्या दवाखान्यामागच्या तुमच्या क्वार्टरमधली ती दुपार अजून आठवते. मी तेव्हा शिकाऊ होते. त्या सकाळी दवाखान्यात, पाड्यावरून आलेल्या एका बाईचं बाळ माझ्या हातांत आलं आणि रडलंच नाही. तुम्ही खूप प्रयत्न केलेत, मग त्याला स्वच्छ पुसून आईच्या कुशीत दिलंत. शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत होती, म्हणून मी डोळे पुसून तिच्याकडे वळले आणि मुलगी झाल्यावर तिच्या सासूचं हसून अभिनंदन केलं. ड्यूटी संपवून निघाले, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. “आज एकटीनं घरी जायचं नाय.” ओट्यापाशी बसवून पुढ्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण ठेवलंत. “खा आधी. उपाशी रडलीस तर चक्कर येईल, मग तुझंही काम माझ्याच अंगावर.” जेवण झाल्यावर म्हणालात, “आता सांग. ती बाई गाडीतून उतरली तिथून.” मी सुरुवात केली, “बाई, माझ्यामुळे...” तुम्ही तिथंच अडवलंत. “परत सांग. ‘माझ्यामुळे’ सोडून सांग. देव हायेस का तू?” मला तुमचा रागच आला होता. चुकलं असेल तर तेही सांगायचं, पण घडलं तसं, स्वतःला न झोडपता, हा तुमचा नियम. तसं सांगताना मला दिसू लागलं की ती आदल्या दिवसापासून कळा सोसत होती, पाड्यावर वेळेत गाडी पोचली नव्हती, डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले होते.

कालची मुलगी पाम गावची, आमच्याकडे नवीन लागलेली सिस्टर. गेल्या आठवड्यात तिच्यासमोर एक बाई बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन गेली. बाळ वाचलं. नवरा शिफ्टवरून कंपनीच्या कपड्यांतच धावत आला होता आणि दारात उभा राहून एकच म्हणत होता, “सिस्टर, अभी तो बात कर रही थी.” त्यानंतर ही मुलगी कामावर फिरकली नाही. काल आली ती नोकरी सोडते म्हणून सांगायला. “ताई, मी तारापूरला पॅकिंगला जाते. तिथं खोका फुटला तर कोणी मरत नाय.”

“जा. पण आधी जेव,” मी म्हटलं आणि तिला खोलीवर आणलं. भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं, तिनं पहिला घास घेतला. “असं खारट खाऊ घालून तुमी मला थांबवणार?” मग मी तुमच्यासारखंच विचारलं. ती दोनदा ‘माझ्यामुळे’वर येऊन अडकली, दोन्ही वेळा मी परत सुरुवात करायला लावली. तिसऱ्यांदा ती सावकाश बोलू लागली. “मी हाका मारल्या. दुसरी सिस्टरच नव्हती. रक्ताची गाडी अजून वाटेत होती. मी पोट दाबून धरलं होतं.” तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “ताई, मी शेवटपर्यंत हात काढला नाय.” आणि मग रडली. रडून झाल्यावर चिडली, “दोन टेबलांना एकच सिस्टर कशी पुरणार?”

“हेच उद्या डॉक्टरांना सांग. मी बाजूला उभी राहते.”

“म्हंजे उद्या मी येणार, असं तुमी धरलंतच!”

आज सकाळी ती आली, बाई. इस्त्रीचा गणवेश घालून. डॉक्टरांसमोर उभी राहून सगळं बोलली. दुसरी सिस्टर मिळेल की नाही, ठाऊक नाही. आम्ही मागत राहू. दुपारी तिच्या हातावर एक मुलगा जन्मला, असा ठणाणा करत की ती दचकलीच, आणि मग हसली.

तुमच्या क्वार्टरमध्ये आता दुसरंच कुटुंब राहतं, त्यामुळे हे पत्र माझ्याकडेच राहील. तुमचा नियम मी तिला तंतोतंत पाळायला लावला. स्वतः मात्र इथे मोडते आहे. ती परत आली, बाई, ती थोडीशी माझ्यामुळे. एवढं एक राहू द्या.