छाती दुसऱ्यांदा उघडण्यापूर्वी

मी, बिभीषण राधाकृष्ण धांडे, राहणार मौजे लिंबेवाडी, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर, धंदा विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग आणि जोडीला शेती, हा कागद माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. मी शुद्धीवर आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि मी जिवंत आहे. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या भावकीत एकदा मतभेद झाले होते, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

तीन वर्षांपूर्वी नगरला माझं बायपास झालं. आता हृदयाची झडप खराब झाली आहे आणि येत्या सोमवारी छाती पुन्हा उघडणार आहेत. मागच्या खेपेला मी पडलेला असताना माझ्या भावाने काय काय केलं, ते मी विसरलेलो नाही. या खेपेला मी परत आलो नाही, तर माझ्या पत्नीला, पुष्पावतीला, कोणी घराबाहेर किंवा रानाबाहेर काढू नये, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र.

कलम १. वाटणीत माझ्या हिश्श्याला आलेली जमीन, तीतली लिंबाची बाग, विहीर आणि राहतं घर मी पुष्पावतीला देतो. तिच्या पश्चात हे सर्व आमची एकुलती मुलगी राजेश्वरी, सासर श्रीरामपूर, हिचं. माझा थोरला भाऊ आसाराम याचं म्हणणं असं की, मुलगा नसलेल्याचं रान भावकीतच राहावं आणि पोरीने हक्कसोड लिहून देऊन साडीचोळी घेऊन जावं. आसारामला साडीची एवढी हौस असेल तर त्याने स्वतः नेसावी. राजेश्वरीने कोणत्याही हक्कसोडपत्रावर सही करू नये.

कलम २. दुकानातलं वाइंडिंगचं मशीन आणि सगळे पाने राजेश्वरीला. लग्नाआधी ती माझ्याशेजारी बसून मोटारीत तार भरायची, आणि तिचा हात माझ्याहून नेटका होता. दुकानात आसारामची एक मोटार पडून आहे. ती जळाली म्हणून तो भंगारात घालायला निघाला होता. जळालेली नव्हती, गाळाने अडकलेली होती. या दोन्हींतला फरक त्याला जन्मात कळला नाही. मोटार चालू करून त्याला द्यावी.

कलम ३. यात मालमत्ता काही नाही, पण हे लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही. ऑपरेशननंतर मला श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं. घशात नळी, हात कॉटला बांधलेले, पापणी उचलत नव्हती. ऐकू मात्र सगळं येत होतं. आसाराम आत आला, माझ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यो कवाच गेलाय. छाती मशीन हलवतंय. बिलापायी ठेवलाय ह्यांनी."

असं आमच्याकडे पुष्कळ जण मानतात. पण बाकीचे निदान डॉक्टरांना विचारतात तरी. आसाराम सोसायटीचा माजी चेअरमन, तो कशाला कोणाला विचारतोय! त्याने बाहेर जाऊन थेट गावाला फोन लावला. घरोघरच्या चुली विझल्या, माझ्या दारात सरपण येऊन पडलं, आणि मला न्यायला टेम्पोभर भावकी नगरला आली. डॉक्टर पेशंट जिवंत असल्याचं सांगत होते, तर त्यांनाच खोटं पाडलं. आसारामच्या बायकोने, मनकर्णा वहिनींनी, पुष्पावतीला मंगळसूत्र काढायला सांगितलं. आसारामने कागद पुढे केला, "सही कर. मशीन काढू दे. दिस मावळायच्या आत न्यायचंय."

पुष्पावतीने सही केली नाही. ती आत आली, माझ्या मुठीत बोट घातलं आणि म्हणाली, "ऐकू येत आसंल तर दाबा." मी दाबलं. अंगात होता नव्हता तेवढा जीव त्या बोटावर घातला. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. ती दारातूनच ओरडली, "भावजी, टेम्पो माघारी न्या! माजा मानूस जित्ता हाय!" माझ्या बायकोचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

कलम ४. दारात पडलेलं सरपण मी घरी आल्यावर बंबात घातलं. पायातली शीर काढलेली, छातीचं हाड तारेने बांधलेलं, कुशीवर वळायची चोरी. पण माझ्याच चितेच्या लाकडांवर पाणी तापवून मी सबंध हिवाळा आंघोळी केल्या. उरलेले ओंडके आसारामला परत करावेत. त्याला लागतील.

कलम ५. पेशंटच्या उशाशी बसून, "अमक्याचंबी असंच झालं हुतं, महिन्यात गेला," असं सांगत आमचाच चहा पिणाऱ्यांना माझ्या दहाव्याला जेवायला वाढू नये. नावं पुष्पावतीला ठाऊक आहेत. याउलट राजूरच्या लंकाबाईंना दर हंगामात लिंबाची एक गोणी पोचवावी. त्यांच्या फुफ्फुसाचा तुकडा काढला होता आणि त्या माझ्या पलीकडच्या कॉटवर होत्या. नळी निघाल्यावर टाके तुटतील या धास्तीने मी खोकत नव्हतो. त्या तिकडून दटावायच्या, "उशी छातीशी धर न् दणकून खोक, बाबा. आतला कफ काय म्हातारपनाला ठिवतो का?" सगळ्या पाहुण्यांच्या उपदेशात कामाचा तेवढाच एक निघाला.

कलम ६. सोमवारी मला पुन्हा मशीनवर ठेवलं, तर ते चालू ठेवायचं की काढायचं, हे डॉक्टरांशी बोलून एकटी पुष्पावती ठरवील. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं, जिवंतपणीचं कलम त्यात चालत नाही, त्याचा कागद वेगळा करावा लागतो. तोही केला. पण हे इथेही राहू द्या म्हटलं. माझा भाऊ मला जिवंतपणीच मेलेला धरतो, तेव्हा दोन्हीकडे लिहिलेलं बरं. आणि मी खरोखर मेल्यावर पुष्पावतीच्या कुंकवाला, बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही. ते तिचं तिने मिळवलेलं आहे.

हा मजकूर वकीलसाहेबांनी मोठ्याने वाचून दाखवला. पुष्पावती दाराशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "रान नगं, घर नगं. माघारी येतो, एवढं लिवा." वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत.

लिहितो. माघारी येतो.

ठिकाण : कर्जत
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : (सही) बिभीषण राधाकृष्ण धांडे

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली :
१. (सही) आदिनाथ सुपेकर, दुकानाचे शेजारी
२. (सही) सत्यशीला नेटके, गावच्या आशाताई