पाठीवरची अंडी

४ ऑगस्ट १९९१
चावला मेला! जानकीच्या चादरी मागच्या तळ्यावर खळबळत होतो, तर पाणढेकणाने अंगठ्यात सोंड खुपसली. असा कळवळलो! हात झटकला तर तो पायरीवर पडला. चपटा, वाळक्या पानासारखा. पाठभर अंडी, दाणा न् दाणा उभा चिकटवलेला. राग कुठल्या कुठे गेला. लेकुरवाळीवर कोण रागावतं? अलगद पाण्यात सोडली.

५ ऑगस्ट
पाऊस. चादरी वाळत नाहीत. घरभर ओल.

९ ऑगस्ट
मेहुणा केसरीनाथ आला मानकोलीहून, बायकोला घेऊन. जानकीची उजवी बाजू लुळी पडल्यापासून त्याचं एकच पालुपद — "दाजी, तायला मी नेतो. घरात तीन सुना हायेत. ह्ये बाप्याचं काम न्हाय." म्हटलं, माझी बायको मला जड नाही. त्याची मैना उठली, "वन्सं, आंग पुसू का?" मीच पुढे झालो. "तुम्ही बसा, चहा घ्या. माझ्या हाताला सवय आहे." दार लोटून सगळं केलं. वेणीसुद्धा घातली. एवढी वर्षं लूमवर तुटलेलं सूत जोडलं, वेणी काय चीज आहे!
जानकीने डोळे मिटून घेतले. बोलायला जीभ जड झालीय तिची.

१४ ऑगस्ट
बाप आहे तो! बाप!
कापडाचे धागे मोजायचं भिंग घेऊन पायरीवर बसलो होतो. दुसरा एक पाणढेकूण, पाठ मोकळी. त्याच्यावर एक मोठी मादी चढली, अंडी चिकटवली, उतरली. पुन्हा जुगली, पुन्हा चढली. पाठ भरली तशी निघून गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही! पंख अंड्यांखाली दबलेले — आता पोरं बाहेर पडेपर्यंत याचं उडणं बंद. म्हणजे त्या दिवशीची ती 'लेकुरवाळी' मिश्यांवाली होती तर! एकटाच हसत सुटलो.

१७ ऑगस्ट
शेजारचा बाळाराम ओट्यावरून ओरडला, "दाजी, चादरी झाल्या की आमची लुगडीपन टाका!" चारजण हसले. मी पण हसलो. मग पाणढेकणाचं सांगितलं. म्हणे, "तो किडा हाय, तुमी मानूस." मी म्हटलं, किड्याला जमतं ते माणसाला जमू नये?

२१ ऑगस्ट
अंडीवाल्याला काचेच्या बरणीत घालून जानकीच्या उशाशी ठेवला. आत एक काटकी. तिला धरून तो वर येतो, पाठ पाण्याबाहेर काढतो, खाली-वर, खाली-वर, जोर काढणाऱ्या पैलवानासारखा. अंड्यांना वारं लागायला हवं, नाहीतर आत गुदमरतात. जानकीला म्हटलं, बघ, मी एकटाच नाही असा! ती बरणीकडे बघत राहिली. कितीतरी वेळ.

२३ ऑगस्ट
कागदालाच सांगतो. कालपासून छाती कोंदल्यासारखी होतेय. अंबाडीला माझ्या भावाच्या नातवाचं बारसं झालं, गेलो नाही. नाक्यावर साधा चहा प्यायला बसलो तरी कान घराकडे. एकदा तर वाटलं, एसटीत बसावं, नेईल तिथं जावं. मग घरी आलो, तिचं भांडं रिकामं केलं. ती भिंतीकडे तोंड करून होती. लाज वाटली स्वतःची. केसरीनाथकडे पाठवली तर लोक म्हणतील, थकला. नाही. नाहीच.

३० ऑगस्ट
पिल्लं सुटली! पांढरट, डाळीएवढी. दुपारपर्यंत पिवळी पडली, मग तपकिरी. एक बापाजवळ थांबेल तर शपथ! एकत्र ठेवली तर एकमेकांनाच खातात, म्हणून बरणी तळ्यात ओतली. बापाने मागच्या पायांनी पाठ खरवडली, टरफलांचा तुकडा सुटून तरंगू लागला. तो मात्र जागचा हलला नाही.

७ सप्टेंबर
केसरीनाथचा निरोप — गौरी येताहेत, तायला माहेरी नेणारच, टेम्पो घेऊन येतो. येऊ दे. दारातच हात जोडीन.

१२ सप्टेंबर
गणपती बसले. जानकी जेवली नाही. नैवेद्याचा मोदकही नको म्हणाली.

१३ सप्टेंबर
टेम्पो आला. मी हात जोडले. म्हटलं, ती इथंच राहील, तिचं सगळं मी करतो. तेवढ्यात आतून जानकी. एकेक शब्द ओढत, पण स्वच्छ — "तुमीच करता. म्हनूनच. रोज तुमच्यापुढं उघडी पडते... मला बायका पायजेत. जाऊ द्या."
मी मैनाला आत पाठवलं, लुगडं नेसवायला. तिने दार आतून लावून घेतलं. मी ओट्यावर, केसरीनाथजवळ जाऊन बसलो.